साडूंचं जर्मन घड्याळ

माझ्या साडूंच्या हातात गेलेली वस्तू जशी होती तशी परत आली, असं आमच्या नात्यागोत्यात आजवर एकदाही घडलेलं नाही. हे मी रागानं म्हणत नाही. मी तीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवलंय, त्यामुळे एखाद्याचा हात यंत्राकडे जाताना पाहिला की तो दुरुस्तीला चाललाय की नासधुशीला, हे मला मनगटावरून कळतं. साडूंचं मनगट मी माझ्या लग्नातच पाहिलं होतं. मांडवातला लाउडस्पीकर खरखरतोय म्हणून ते त्याच्याकडे निघाले, आणि पुढचं सगळं लग्न शांततेत पार पडलं. मंगलाष्टकं भटजींनी स्वतःच्या घशावर म्हटली. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या घरातला मिक्सर उघडला तो उलटा फिरायला लागला. आतल्या दोन वायरींची टोकं त्यांनी अदलाबदल करून जोडली होती, हे मी लांबूनच ओळखलं. चटणी वाटली न जाता भांड्यात नुसती गरगरत राहायची. "उलटं फिरलं तर पातं दुसऱ्या अंगानं झिजतंय, पाव्हणे," ते मला म्हणाले. "म्हंजे दुप्पट टिकतंय." हे ऐकून आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरानंही वर्ग सोडला असता. मी सोडू शकलो नाही, कारण माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली आहे.

साडूंनी सगळी नोकरी सिद्धेश्वरच्या धरणावर काढली. भिंतीवरच्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. चुकायला फारसा वाव नसलेलं काम, म्हणूनच बहुधा ते निभावलं. पण त्या पट्टीनं त्यांच्या डोक्यात जे घर केलं ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. औंढ्याला घर बांधून राहिल्यापासून ते सगळ्या जगाची पातळी मोजत असतात. जेवताना पहिल्या घासाला सांगतात, "मीठ पॉइंट दोननं जास्त झालंय." पावसाचा, तापाचा, पाहुण्याच्या रागाचा, सगळ्याचा आकडा त्यांच्याकडे असतो. मधुमेहाची गोळी चुकून दोनदा घेतली तेव्हा चक्कर येऊन पडण्याच्या आधी त्यांनी वेळ टिपून ठेवली होती. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती एका बाजूनं त्यांना साखर चारत होती आणि ते दुसऱ्या हातानं पेन मागत होते. जाड निळ्या पुठ्ठ्याच्या अशा वह्या त्यांच्या कपाटात रचून ठेवलेल्या आहेत. त्यात काय लिहिलंय हे कुणी कधी वाचलेलं नाही, आणि वाचावं असं कुणाला वाटल्याचंही ऐकिवात नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. साडू डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग घ्यायला हिंगोलीला आले. भिंग कशाला हवं होतं हे मी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकण्याइतका वेळ माझ्याकडे नव्हता. त्यांना माझ्या स्कूटरवर बसवून मी जुन्या बाजारातल्या चाचांच्या दुकानी नेलं. चाचा म्हणजे आमच्या हिंगोलीचे जुने घड्याळजी. चार फूट रुंद दुकान, समोर काचेची पेटी, आणि पाठीमागे भिंतभर बंद पडलेली घड्याळं. आता लोक वेळ मोबाईलवर बघतात, चाचांचे हातही थरथरतात, म्हणून ते दुकान आवरत होते. पुढची रमजान ईद झाली की परभणीला मुलाकडे कायमचं जाणार होते. माळ्यावरचं सगळं खाली आलं होतं, आणि त्यात एका गोणपाटात गुंडाळलेलं लाकडी खोकं होतं. झोपडीच्या आकाराचं, वर कोरीव पानं, त्यातली निम्मी तुटलेली, आणि छपराच्या खाली एक इवलंसं दार. साडूंनी ते दार बोटानं उघडलं. आत चोच तुटलेला एक लाकडी पक्षी बसलेला होता.

"हे केवढ्याला?" साडूंनी विचारलं.

"ते विकायचं नाही, साब," चाचा म्हणाले. "अमानत आहे किसीकी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंचेचाळीस वर्षांखाली, चाचांनी नुकतंच बापाकडून दुकान हाती घेतलं होतं तेव्हा, एक शेतकरी हे घड्याळ घेऊन आला. घड्याळ चालत होतं, पण तासातासाला ओरडणारा पक्षी बाहेर येऊन मुकाच परत जायचा. असलं घड्याळ चाचांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पक्ष्याचा आवाज दोन छोट्या भात्यांतून येतो; लोहाराचा भाता असतो तसाच, पण काड्यापेटीएवढा, आणि त्याच्या खाली शिट्टी. चाचांनी तो सोडवायला घेतला आणि भात्याचं जुनं कापड त्यांच्या बोटांत फाटलं. ते माणसाला म्हणाले, पुढच्या बाजाराला या. तो आला. पुन्हा म्हणाले, पुढच्या. तो तीनदा येऊन गेला आणि मग आलाच नाही. नावाची चिठ्ठी वाळवीनं खाल्ली. "माझे अब्बा म्हणायचे, कारीगर के पास माल अटका, तो समझो इज्जत अटकी," चाचा म्हणाले. "आता मी चाललो. हे कुणाच्या हवाली करू?"

त्या क्षणी मी साडूंच्या पायावर पाय द्यायला हवा होता. पण मी स्कूटरच्या चावीशी खेळत होतो, आणि तेवढ्यात ते बोलून गेले. "मी बराबर करून देतो, चाचा. आन् ज्याचं हाय त्याच्या घरी पोचवतो. ईदच्या आधी." चाचांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर साडूंच्या मनगटाकडे पाहिलं असतं. पण पंचेचाळीस वर्षांत त्या घड्याळाबद्दल विचारणारा हा पहिलाच माणूस होता. त्यांनी ते गोणपाटासकट उचलून दिलं. स्कूटरवर मागे बसून साडूंनी ते लहान लेकरासारखं छातीशी धरलं होतं, आणि खड्डा आला की माझ्या कानात "हळू, हळू" करत होते. हे असलं लाडीक वागणं त्यांच्याकडून अक्काच्या वाट्याला कधी आल्याचं मी पाहिलेलं नाही.

पुढचे काही महिने साडूंचं घर म्हणजे त्या घड्याळाचं घर होतं आणि अक्का त्यात भाडेकरू. पहिलं काम ओळख पटवण्याचं. साडूंनी दोन चष्मे एकावर एक लावून ते न्याहाळलं आणि निर्णय दिला, "हे जर्मन हाय." आता आमच्याकडे बायका ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. अक्कानं ते उचलून पाहिलं आणि म्हणाली, "जर्मनचं असतं तर हलकं लागलं असतं. हे लाकडाचं हाय." यावर साडूंनी तिला जर्मनी नावाचा देश असतो इथून सुरुवात करून अर्धा तास सांगितलं. निजामाच्या काळात हिंगोलीला पलटणीची छावणी होती, तिथल्या कुण्या गोऱ्या साहेबानं ते विलायतेहून आणलं, साहेब बढतीवर गेला, घड्याळ इथंच राहिलं, असा सगळा इतिहास त्यांनी दुपारच्या जेवणाच्या आत रचून टाकला. पुरावा म्हणाल तर पाठीमागच्या फळीवर झिजलेली तीन अक्षरं होती, जी सकाळच्या उन्हात एक वाटायची आणि संध्याकाळच्या उन्हात दुसरीच. त्यांनी घड्याळाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. त्यावर अकरा जणांनी 'शुभ सकाळ' पाठवलं आणि पुण्याच्या भाच्यानं लिहिलं, की असलं शोपीस ऑनलाइन मिळतं. भाच्याशी ते अजून बोलत नाहीत.

शोपीस नाही हे सिद्ध करायला त्यांनी एका व्हिडिओत पाहिलेली परीक्षा घेतली. घड्याळाचे काटे पांढरे, कोरलेले होते. ते प्लास्टिकचे असतील तर तापलेली सुई आत शिरते, हाडाचे असतील तर शिरत नाही आणि मग घड्याळ जुनं समजायचं. साडूंनी अक्काच्या गॅसवर अक्काची सुई तापवली आणि काट्याला टोचली. सुई शिरली नाही. पण स्वयंपाकघरात जो वास सुटला तो अक्काच्या नाकानं अचूक ओळखला. पिढ्यान्‌पिढ्या लसूणही जपून खाणाऱ्या घरातली ती. तिनं साडूंना, सुईला आणि घड्याळाला एका वाक्यात अंगणात काढलं. "हाडूक जाळून राहिले माझ्या चुलीवर. अन् वर हसून राहिले." साडू खरंच हसत होते. मी गेलो तेव्हा ते अंगणात बाजेवर बसून वहीत लिहीत होते: काटे हाडाचे, वास निश्चित, पत्नी नाराज.

दुरुस्तीची कथा तर याहून लाजिरवाणी. पक्ष्याची चोच त्यांनी बाभळीच्या लाकडाची केली, ती एवढी मोठी झाली की दार लागेना. मग तासली, तर ती पोपटाची झाली, आणि तशी झालीच आहे तर म्हणून त्यांनी पक्ष्याला हिरवा रंग दिला. मी म्हटलं, ही कोकिळेच्या जातीची पाखरं करडी असतात. त्यावर म्हणाले, "तुमी जर्मनीत पाह्यली का?" घड्याळ ओढायला दोन साखळ्यांना दोन वजनं लागतात. एक मूळचं होतं. दुसऱ्याच्या जागी त्यांनी गवंड्याचा ओळंबा लटकवला. मग घड्याळ डावीकडे कललेलं असलं तरच चाले, सरळ टांगलं की बंद. खऱ्या माणसानं अशा वेळी लंबक तपासला असता. साडूंनी भिंत तपासली आणि भिंतच वाकडी आहे असं ठरवलं. अक्का म्हणाली, भिंतीला हात लावायचा असेल तर आधी मला धाकटीकडे पोचवा. धाकटी म्हणजे माझी बायको. तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. लंबक लटकतो त्या पत्र्याला किंचित वाकवायचं होतं. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं, आणि साडूंनी वहीत लिहिलं, 'पाव्हण्यांच्या देखरेखीखाली भिंत सरळ मानण्यात आली.'

भात्यांच्या कापडानं सगळ्यात छळलं. हवा न सोडणारं, पण कागदासारखं घडी पडणारं कापड हवं. हाडाच्या त्या वासानंतर अक्कानं अट घातली होती, त्यामुळे कातडं घरात येणार नव्हतं. साडूंनी दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक लावून पाहिलं, तर पक्षी भजी तळल्यासारखा चुरचुरला. फुगा लावला तो फुटला. शेवटी एक दिवस भात्यानं स्वच्छ, गोल आवाज दिला. तो कशाचा होता हे कळायला चार दिवस गेले. एप्रिलच्या उन्हात अक्कानं बाजारात छत्री उघडली तर तिच्यात तळहाताएवढा चौकोन कमी होता आणि त्यातून ऊन थेट तिच्या भांगात पडत होतं. भाजीवाली म्हणाली, बाई, खिडकी बसवली का. अक्का घरी आली आणि तिनं दुसरी छत्री स्वतः साडूंच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, हिचं पण घ्या, दुसऱ्या भात्याला लागंल. मला वाटतं ती थकली होती. पण मी हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला अक्का कळलीच नाही कधी."

दुसरा भाता सोडवला तेव्हा मी तिथंच होतो. नाइलाजानं. त्याच्या खालच्या शिट्टीत काहीतरी कोंबलेलं होतं. साडूंनी चिमट्यानं ओढलं तर वहीचा एक कागद बाहेर आला, घट्ट गुंडाळलेला, बिडीएवढा. उलगडला. दुरेघी वहीचं पान होतं, शाळेतल्या लेकराच्या अक्षरात. वर तेराचा पाढा, सातव्या ओळीला खोडाखोड, आणि खाली मास्तरांना दाखवायला लिहितात तसं: कु. सुमन, इयत्ता चौथी, डोंगरकडा. पहिल्या शिट्टीतला तसलाच तुकडा साडूंनी सुरुवातीलाच कचरा समजून काढून टाकला होता. साडूंनी दोन्ही चष्मे काढले. मला वाटलं, आता आकडा सांगतील. ते म्हणाले, "पाव्हणे, हे बिघडलंच नव्हतं."

मी मोठ्यानं हसलो. पंचेचाळीस वर्षं एक माणूस शरमेनं माळ्याकडे वर बघत नाही, हा दुसरा सात महिने घर उद्ध्वस्त करतो, आणि मूळ दुखणं म्हणजे एका पोरीनं शिट्टीत कोंबलेला पाढा. पण साडू हसले नाहीत. त्यांनी लगेच चाचांना फोन लावला. पलीकडून "हॅलो, कोण?" ऐकू येत होतं. साडूंनी फोन माझ्याकडे दिला. मी चाचांना एवढंच सांगितलं, की गाव कळलंय.

ईदला आठ-दहा दिवस राहिले असताना आम्ही डोंगरकड्याला निघालो. माझी गाडी, पेट्रोल माझं, आणि साडूंची सूचना की ताशी चाळीसच्या वर जायचं नाही, लंबकाला त्रास होतो. मागच्या सीटवर चाचा होते, रोजा धरलेले, पांढरा कुर्ता, इस्त्री केलेला. त्यांना यायचंच होतं. माझ्या मनात एकच धाकधूक होती, की साडू तिथं छावणी, साहेब आणि जर्मनी सुरू करतील. गावात शाळेसमोरच्या दुकानात चौकशी केली. चौथीतल्या सुमनचं पुढं गावातच लग्न झालं होतं आणि आता ती आजी झाली होती. दुकानदारानंच घरापर्यंत आणून सोडलं.

सुमनताई पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, डोक्यावर पदर, हातात हरभरा पाखडायचं सूप. गाडीतून खोकं खाली आलं आणि साडूंनी गोणपाट बाजूला केलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हे आमचं हाय. पण पाखरू हिरवं न्हवतं."

ओसरीत बसलो. साडूंनी खिशातून ते पान काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता सगळं सांगितलं. त्यांच्या आजोबांनी हे हैदराबादेहून आणलं होतं, कुणाकडून ते कुणाला माहीत नाही. वडील फार कडक. घर त्या पाखरावर चालायचं. पाचला ओरडलं की सगळ्यांनी उठायचं. संध्याकाळी सातला ओरडलं की सुमननं भिंतीपुढं उभं राहून पाढे म्हणायचे, आणि साडेसातला पुन्हा ओरडेपर्यंत ते झाले नाहीत तर जेवण नाही. "तेराचा माझ्यानं होईना," त्या म्हणाल्या. "मी स्टुलावर चढले आन् त्याच्या नरड्यात तेच पान कोंबलं. मला वाटलं, ते ओरडलं न्हाई तर सात वाजायचेच न्हाईत."

"मग तुमचे वडील..." चाचांनी विचारलं.

"घेऊन गेले हिंगोलीला. तीन बाजार खेटे घातले. घरात घड्याळ न्हाई, तर त्यांना काही सुचेना. मग ते आईला विचारायचे, किती वाजले असतील. आई म्हणायची, सावली पाहा. मग आमच्यासंगं अंगणात येऊन बसायला लागले. मला एक दिवस राहवलं न्हाई, मी कबूल केलं. वाटलं, आता चामडी सोलणार. तर म्हणाले, राहू दे तिथंच. बरं चाललंय आपलं."

चाचा भिंतीला टेकले. बोलले तेव्हा सुमनताईंकडे न बघता, समोरच्या अंगणाकडे बघून बोलले. "बेटी, एवढं एकदा कुणी सांगून गेलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, माझ्या हातून मोडलं म्हणून ते रागावले. मी रस्त्यानं तुझ्या वडलांसारखा कुणी येताना दिसला की दुकानात आत वळायचो."

सुमनताईंचं हसू थांबलं. त्या उठल्या, चाचांच्या समोर आल्या आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "बाबांना वाटलं असंल, तुमी विसरले," त्या म्हणाल्या. "माझीच चूक हाय, चाचा." चाचांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी घड्याळ लावायला खिळा कुठंय ते विचारलं.

खिळा साडूंनी ठोकला, तिसऱ्या प्रयत्नात. त्यांनी वजनं ओढली, लंबकाला ढकललं आणि आम्ही सगळे अकराची वाट पाहत बसलो. शेजारच्या दोघी बायका आणि एक म्हातारेबुवाही येऊन बसले. दार उघडलं. हिरवं पाखरू बाहेर आलं, वाकलं आणि ओरडलं. वरचा सूर अक्काच्या पहिल्या छत्रीचा, छान होता. खालचा सूर दुसऱ्या छत्रीचा, तो बेडकासारखा निघाला. असं ते दहा वेळा ओरडलं, अकराव्यांदा नुसतंच वाकून आत गेलं. मी साडूंकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांचा माझा सगळा उपहास त्या क्षणी खरा ठरला होता, आणि मला त्याचा काही आनंद झाला नाही.

"आवाज असा न्हवता," सुमनताई म्हणाल्या.

"कसा होता?" साडूंनी विचारलं.

त्या जरा लाजल्या. मग त्यांनी तोंडानं करून दाखवला, हळू, दोनच सूर. चौथीतल्या पोरीनं रोज पाचला आणि सातला ऐकलेला. साडूंनी वही काढली नाही. ते ऐकत राहिले. मग सुमनताईंनी विचारलं, "हे बंद करता येतंय का हो? दुपारी नातू झोपतो." मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. अक्काच्या दोन छत्र्या, भिंतीवरून झालेलं भांडण, सात महिने, हे सगळं ते पाखरू बोलावं म्हणून. साडूंनी खिशातून एक बारीक तार काढली, दाराला छोटा आकडा वाकवून दिला आणि तो कसा लावायचा ते त्यांना दोनदा दाखवलं. "हा लावला की गप," ते म्हणाले. "काढला की बोलतंय. तुमच्या मनावर हाय." तो आकडा अगदी नीट बसला होता. मी पाहिला.

येताना कळमनुरी गेली तरी साडूंनी वेग किती आहे हे विचारलं नाही. चाचा मागे डोळे मिटून बसले होते. त्यांच्या घरापाशी उतरताना ते साडूंचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले, "शुक्रिया" म्हणाले आणि वळले. ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याचा डबा साडूंच्या घरी पाठवून ते परभणीला गेले. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

त्यानंतर महिनाभरानं मी औंढ्याला गेलो. साडू बाजेवर बसले होते. पुढ्यात पेपर होता, पण पान उलटलं जात नव्हतं. मी मुद्दाम म्हटलं, डोंगरकड्याचा बेडूक काय म्हणतो. ते नुसतं "बरं हाय" म्हणाले. आत गेलो तर अक्का हळू आवाजात म्हणाली, "पंधरा दिवस झाले, मिठाचं काही म्हणत न्हाईत. मी मुद्दाम दोनदा जास्त घातलं." आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू हे माझं काम आहे.

मी आयुष्यभर लोकांना बिघाड शोधायला शिकवलं. हा सापडायला वेळ लागला नाही, पण त्यावर काय करायचं ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. बाहेर येऊन मी त्यांना म्हटलं, आमच्याकडची शिलाई मशीन फार आवाज करते हल्ली, टाके सोडते, माझ्यानं काही ते जमेना. साडूंनी पेपर खाली ठेवला. "तुमच्यानं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्यानं. "कशी हाय? जुनी?" मी म्हटलं, बायकोच्या लग्नातली. ते उठून चष्मे शोधायला लागले.

हिंगोलीला परतलो तेव्हा बायको त्या मशीनवर बसून नातीचं झबलं शिवत होती. मशीन लोण्यासारखी चालत होती. मी म्हटलं, उद्या दाजी येताहेत, मशीन दुरुस्तीला न्यायला. तिचा पाय थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. दाबपट्टी वर केली, अर्धवट शिवलेलं झबलं सुईखालून काढून घेतलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "राहिलेलं हातानं शिवते मी."